लिनक्सचा पिड्स कंट्रोलर: कॉलेजच्या लॅबमधून, कोड उघडून केलेला रिव्ह्यू

रिव्ह्यू लोक मोबाईलचा लिहितात, मिक्सरचा लिहितात, औसा रोडवरच्या हॉटेलातल्या निलंगा राईसचा लिहितात. मी लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातल्या, एका फाइलीचा लिहायलोय. नाव पिड्स-डॉट-सी (पिड म्हणजे प्रोसेसचा नंबर), कर्नलच्या सोर्समध्ये सीग्रुपच्या (प्रोसेसचे गट पाडून त्यांना मर्यादा लावायची सोय) फोल्डरात पडलेली असते, पाचशे ओळीसुद्धा नाहीत, किंमत शून्य रुपये, आणि तुमच्याकडं लिनक्सचं मशीन असेल तर ती आत्ता चालू असणार, तुम्हाला माहीत असो नसो. हाच तो पिड्स कंट्रोलर, काम एकच: कुठल्या गटानं किती प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, काढल्या त्याचा हिशोब ठेवायचा, आणि आकडा भरला की नाही म्हणायचं.

ही फाइल उघडायची पाळी माझ्यावर का आली ते आधी सांगतो, नाहीतर बाकीचं निस्तं कोरडं वाटेल.

मी लातूरला एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबचे सर्व्हर बघतो. कॉलेजचं नाव नको. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला पोरांना फोर्क शिकवतात, म्हणजे चालू प्रोग्रामनं स्वतःचीच दुसरी प्रत काढायची. साठ पोरं, 16 जीबीचा एक सर्व्हर, आणि सगळ्यांना मिळून लॉगिन एकच, स्टुडंट, पासवर्ड पण तोच. मी यायच्या आधीपासून असंच चालायलं होतं आणि मीही कधी हात लावला नाही, ती चूक माझीच. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे एक्झामिनर चहा पीत बसलेले आणि एका पोरानं फोर्क लूपमध्ये टाकला, लूप 20 वेळा. त्याला वाटलं 20 प्रोसेस निघतील. पण प्रत्येक फेरीला आहेत तेवढ्या सगळ्या दुप्पट होतात की, म्हणजे 2 चा 20 वा घात, 10,48,576. अख्ख्या लातूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत पावणेचार लाखाच्या वर होती, त्याच्या अडीच पटीहून जास्त प्रोसेस एका डबड्यात कोंबायच्या.

साठ स्क्रीनवर कर्सर जिथल्या तिथं थिजला. मी माझ्या टेबलावरून लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड विचारायलाच तयार नाही. कोण काय करायलंय ते बघावं म्हटलं तर बघायची कमांड म्हणजे पण एक नवी प्रोसेसच, ती कुठून निघणार. शेवटी लॅबचे मामा दारातून म्हणाले, "सर, बटन दाबू का?" दाबा म्हटलं. 59 पोरांचं सेव्ह न केलेलं काम गेलं. एक्झामिनर काही बोलले नाहीत, फक्त कप खाली ठेवून म्हणाले, "तुमच्याकडं लिमिट लावलेलं नाही का?"

गंमत म्हणजे लिमिट होतं. सिस्टिमडी (लिनक्स सुरू करून सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) प्रत्येक यूजरला आपोआप लावतं, पण ते असतं मशीनच्या एकूण क्षमतेच्या 33 टक्के, आणि आमच्या मशीनवर ते हजारोंमध्ये जात होतं. एवढ्या प्रोसेस होईपर्यंत मशीन कधीच आडवं पडलेलं असतं. म्हणजे दाराला कुलूप आहे पण दारच वेशीएवढं. जुनं यू-लिमिट पण होतं, पण ते यूजरच्या नंबरवर मोजतं आणि आमच्याकडं यूजर एकच, मग एकानं खाल्लं की साठजण उपाशी.

त्या रात्री रोल नंबरप्रमाणे साठ लॉगिन काढले आणि प्रत्येकाच्या स्लाइसला, म्हणजे सिस्टिमडीनं केलेल्या त्याच्या गटाला, टास्क-मॅक्स लावलं, सुरुवातीला 60. हा टास्क-मॅक्स म्हणजे सिस्टिमडीचं नाव, आत जाऊन बघितलं तर तो आकडा शेवटी पिड्स-डॉट-मॅक्स नावाच्या फाइलीत जाऊन बसतो, आणि तिथून पुढं आपल्या या कंट्रोलरचं राज्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा डझन पोरं दारात. "सर, व्हीएस कोड जोडलंच जाईना." आता व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) सर्व्हरला जोडलं की तिकडं नोड नावाच्या प्रोग्रामच्या चार-पाच प्रोसेस सुरू होतात, मग 60 ला काय झालं? झालं असं की पिड्स कंट्रोलर नावाला पिड्स मोजतो, खरं मोजतो थ्रेड, म्हणजे एका प्रोसेसच्या आत एकाच वेळी चालणारे कामाचे धागे. नोडची एक प्रोसेस म्हणजे दहा-अकरा थ्रेड. जावा तर विचारूच नका. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, टीआयडी म्हणजे थ्रेडचे नंबर मोजले जातात असं, पण नाव पिड्स ठेवल्यावर कोण कशाला तेवढं वाचतंय. अर्धा स्टार इथंच कापला मी. 60 चं 300 केलं, मग कुणाची तक्रार आली नाही.

मग एक दिवस वेळ होता, म्हटलं हे आतून चालतं तरी कसं, आणि फाइल उघडली. इथून पुढं ज्यांना सी भाषेची ॲलर्जी आहे त्यांनी शेवटच्या दोन-तीन पॅऱ्यांवर गेलं तरी चालेल.

थोडा इतिहास, भराभर. सीग्रुपचं काम 2006 ला गुगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी सुरू केलं, जानेवारी 2008 च्या 2.6.24 कर्नलमध्ये ते आलं. पिड्स कंट्रोलर अलेक्सा सराय यांनी लिहिला, 2015 ला, कर्नल 4.3. आणि सीग्रुपची दुसरी आवृत्ती अधिकृत झाली 4.5 मध्ये, मार्च 2016 ला. मार्च 2016 म्हटलं की लातूरच्या माणसाला कर्नल आठवत नाही, पाणी आठवतं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून 144 कलम लावलं होतं, आणि पुढं एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. हे मधेच काहून सांगायलोय तर या कोडमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला टँकरमुळंच कळली.

आमच्या गल्लीत टँकर आला की वहीवर हिशोब असायचा, घरटी इतके ड्रम. पहिल्या दिवशी पद्धत अशी होती की आधी बघायचं किती उरलंय, मग घ्यायचं. एक ड्रम उरलेला असायचा, दोघीजणी एकदमच बघायच्या, दोघींना दिसायचं की आहे, दोघी घागर लावायच्या, आणि मग जे व्हायचं ते व्हायचं. दुसऱ्या दिवसापासून वही धरणाऱ्या काकांनी नियम बदलला. आधी वहीत नाव लिहायचं, लिहिल्यावर आकडा बघायचा, आकडा पुढं गेला असेल तर नाव खोडून परत जायचं.

पिड्स-डॉट-सी मधलं ट्राय-चार्ज नावाचं फंक्शन अगदी हेच करतं. आधी कोडवाले ज्याला अ‍ॅटॉमिक म्हणतात त्या पद्धतीनं, म्हणजे मधे दुसरं कुणी घुसू शकणार नाही अशा एका झटक्यात, काउंटरमध्ये 1 मिळवतं, मिळवून आलेला आकडा हातात घेतं, तो लिमिटच्या वर गेला असेल तर मागं फिरतं. आधी तपासून मग मिळवलं असतं तर दोन सीपीयू एकाच क्षणी 'जागा आहे' म्हणाले असते. शिवाय हे एकाच काउंटरवर भागत नाही, कारण गटाच्या वर गट असतो: पोराचा सेशन, त्याच्यावर पोराचा स्लाइस, त्याच्यावर सगळ्या यूजरांचा स्लाइस, त्याच्यावर रूट, म्हणजे सगळ्यात वरचा गट. खालून वर एकेक पायरी चढत प्रत्येक ठिकाणी 1 मिळवायचा. रूटला लिमिटच नाही, म्हणून तिथं थांबायचं.

आणि तिसऱ्या पायरीवर नकार आला तर? इथं कोड हळू वाचावा लागतो. खालून पुन्हा सुरू करायचं, नकार जिथं आला त्या पायरीच्या आधीपर्यंत प्रत्येकाचा 1 वजा करायचा, आणि मग जिथं नकार आला त्या पायरीचाही वजा करायचा, कारण तिथंही आपण आधी मिळवून मगच बघितलं होतं. ही शेवटची वजाबाकी लूपच्या बाहेर स्वतंत्र ओळीत आहे. मी पहिल्यांदा वाचताना ती ओळ जास्तीची वाटली, म्हटलं बग सापडला की राव आपल्याला. कागदावर तीन चौकोन काढून आकडे मांडले तेव्हा कळलं की ती ओळ काढली तर प्रत्येक नकाराला वरच्या गटाचा काउंटर 1 नं फुगत जाणार आणि काही दिवसांनी मशीन रिकामं असतानाही 'जागा नाही' म्हणत बसणार. बग माझ्याच डोक्यात होता.

या पद्धतीचा एक छोटा तोटा आहे. एखाद्यानं खालच्या पायरीवर 1 मिळवला आणि तो वरच्या पायरीवर अडकून मागं फिरायच्या बेतात आहे, तेवढ्या क्षणात दुसरा कुणी खालच्या पायरीवर आला तर त्याला फुगलेला आकडा दिसतो आणि जागा असून नकार मिळू शकतो. म्हणजे चूक झालीच तर नकाराच्या बाजूनं होते, लिमिट ओलांडू देण्याच्या बाजूनं होत नाही. लॅबला मला हेच पाहिजे.

आता कॉलबॅक. कर्नल प्रत्येक कंट्रोलरला म्हणतो, तुझी फंक्शनं माझ्याकडं नोंदवून ठेव, वेळ आली की मी हाक मारतो. पिड्सनं पाच मुख्य नोंदवलेली आहेत: कॅन-फोर्क, कॅन्सल-फोर्क, कॅन-अटॅच, कॅन्सल-अटॅच, रिलीज. नावं वाचूनच कळतं की हो म्हणणाऱ्या प्रत्येकाबरोबर मागं घेणारा एक आहे. कॅन-फोर्कची हाक फोर्कच्या जवळजवळ शेवटी येते, मेमरी बिमरी सगळं मांडून झाल्यावर. आणि आपण हो म्हटल्यावरही फोर्क फसू शकतो, उदाहरणार्थ मधेच त्या प्रोसेसला मारून टाकणारा सिग्नल आला तर. मग कॅन्सल-फोर्कची हाक येते, घेतलेला 1 परत दे म्हणून.

पण एक बारीक अट आहे, आणि नवीन कंट्रोलर लिहिणारा माणूस इथंच घसरेल असं मला वाटतं. समजा तीन कंट्रोलरना ओळीनं विचारलं आणि तिसऱ्यानं नाही म्हटलं, तर कॅन्सलची हाक फक्त पहिल्या दोघांना जाते. नाही म्हणणाऱ्याला जात नाही. ज्यानं नाही म्हटलं त्यानं स्वतःचा पसारा स्वतः आवरून मगच नाही म्हणायचं. म्हणूनच ट्राय-चार्ज आपलं आपण सगळं वजा करून बाहेर पडतं. हे कुणी विसरलं तर काउंटर गळणार, आणि उलट बाजूनं जास्तीची काळजी घेऊन दोनदा वजा केलं तर काउंटर शून्याच्या खाली जाणार. तेवढ्यासाठी वजाबाकीच्या फंक्शनमध्ये एक वॉर्निंग ठेवलेली आहे, आकडा ऋण झाला तर बग कंट्रोलरमध्येच आहे असं कमेंटमध्ये सरळ कबूल करून. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

कॅन-अटॅच मात्र मला पटायला वेळ लागला. चालू प्रोसेस एका गटातून उचलून दुसऱ्यात टाकली तर हा कंट्रोलर कधीच अडवत नाही. लिमिट 10, आत 10, तुम्ही अकरावी नेऊन टाका, चालतं. लिमिट 10 असताना आत 40 असतील तरी चालतं, फक्त त्या 40 पैकी कुणाला नवीन काढता येणार नाही. तसंच लिमिट 300 वरून 20 वर आणलं तरी कुणी मरत नाही. फाइलीच्या वरच्या कमेंटमध्ये हे मुद्दाम लिहिलंय, की प्रोसेस इकडून तिकडं हलवणं हे ॲडमिनचं काम, त्याला धोरण आडवं येणार नाही. मला आधी हे भोक वाटलं, पण रात्री अकराला मशीन वाचवायला एखादी बिघडलेली प्रोसेस दुसऱ्या गटात ढकलायची आहे आणि कर्नल म्हणतोय 'तिथं जागा नाही', असा प्रसंग डोळ्यापुढं आणला आणि गप बसलो.

सगळ्यात भारी गोष्ट रिलीजची आहे. आधी या जागी फ्री नावाचा कॉलबॅक होता. प्रोसेस मेली की 1 परत द्यायचा, पण नक्की मेली म्हणजे कधी? फ्रीची हाक यायची ती प्रोसेसची कर्नलमधली शेवटची खूण पुसताना, आणि ती खूण आरसीयू नावाच्या पद्धतीमुळं जरा उशिरा पुसली जाते. प्रोसेस गेली, बापानं, म्हणजे तिला काढणाऱ्या प्रोसेसनं, वेट करून तिचा निकाल घेतला, नंबर मोकळा झाला, तरी काउंटरमध्ये ती अजून जिवंत. 2019 ला ओलेग नेस्तेरोव यांनी हे दुरुस्त केलं, आणि एका लहानशा प्रोग्रामनं दाखवून दिलं: फोर्क कर, पोर (म्हणजे निघालेली नवी प्रोसेस) मरू दे, वेट कर, परत फोर्क कर. कुठल्याही क्षणी फार तर दोनच प्रोसेस जिवंत, तरी हा प्रोग्राम लिमिटला धडकायचा. मी लॅबमधल्या एका जुन्या डबड्यावर 2018 सालचा कर्नल बांधून लिमिट 5 ठेवून चालवलं, एंटर दाबून हात उचलेपर्यंत 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल'. नव्या कर्नलवर तेच चहा पिऊन येईपर्यंत चालू होतं. दुरुस्ती काय, तर हाक मारायची जागा हलवली आणि नाव बदलून रिलीज केलं. कंट्रोलरच्या आतल्या हिशोबाला बोट लावलं नाही. कॉलबॅकचा कोड तपासताना आपण फंक्शनच्या आत बघत बसतो, हाक कोण मारतो आणि कधी मारतो हे बघतच नाही. तेव्हापासून पोरांच्या असाइनमेंट तपासतानाही मी आधी हाक मारणारी ओळ शोधतो.

तक्रारी. नकार दिला की कर्नल लॉगमध्ये ओळ येते, 'फोर्क रिजेक्टेड बाय पिड्स कंट्रोलर' आणि गटाचं नाव, पण प्रत्येक गटाला पहिल्या वेळीच. दुसऱ्यांदा, दोनशेव्यांदा, काही नाही. लॉग भरून जाऊ नये म्हणून केलंय ते कळतं, पण सोमवारची ओळ बघून मंगळवारचं भांडण सोडवता येत नाही, तेव्हा पिड्स-डॉट-इव्हेंट्स मधला नकारांचा आकडा बघायची सवय लावून घ्या. तो आकडाही बरीच वर्षं ज्यानं फोर्क मागितला त्याच्या नावावर चढायचा, अडवणारं लिमिट वरच्या गटाचं असलं तरी. म्हणजे पाणी वरच्या टाकीत नाही आणि बोंब नळावर. 2024 ला हे बदललं, आता ज्याचं लिमिट भरलं त्याच्या नावावर जातं. जुन्या कर्नलवर असाल तर आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

दुसरी तक्रार, इशारा मिळत नाही. सोलारिस नावाच्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 2002 च्या 9 व्या आवृत्तीपासून रिसोर्स कंट्रोल होते, तिथंही प्रत्येक कंट्रोलमागं कॉलबॅकांचा संच असायचा, वापर किती ते सांगणारा, नवीन मर्यादा लावणारा, तपासणारा, वेळ आल्यावर कृती करणारा. आणि एकाच कंट्रोलला दोन-तीन आकडे देता यायचे, 200 ला नुसता सिग्नल पाठव, 300 ला अडव. आपल्याकडं सरळ 300 ला दार बंद. पोराला आधी एक टपली मिळाली असती तर बरं झालं असतं. पण खरं सांगायचं तर सोलारिसची ती रचना वाचायला मला दोन रविवार लागले आणि पिड्स-डॉट-सी एका दुपारी संपलं, तेव्हा कशाला काय म्हणावं. पाचपैकी साडेचार दिले.

लावणार असाल तर आधी लिमिट न लावता आठवडाभर पिड्स-डॉट-करंट, म्हणजे गटात आत्ता किती आहेत तो आकडा, बघा. आमच्याकडं नुसतं एसएसएचनं लॉगिन करून बसलेला माणूस पाच-सहा खातो, व्हीएस कोडवाला शंभराच्या आसपास जातो.

या वर्षीच्या प्रॅक्टिकलला परत एकानं तोच लूप लिहिला. त्याच्या स्क्रीनवर नकारांची रांग लागली, बाकीच्या 59 जणांना पत्ताच नाही. पोरगं उठून आलं, "सर, माझंच काहून बंद पडायलंय? बाकीच्यांचं तर चालायलंय." त्याला लूप कळला, दुरुस्त केला, आता फक्त 40 पोरं (प्रोसेसची) काढायची. ती काढली, ती मेली, आणि हा परत आला, "सर, प्रोग्राम चालू आहे पण आत एकही पोर नाही, तरी करंटमध्ये 40 जास्तीचे दाखवतंय." दोघांनी मिळून यादी बघितली. चाळीसच्या चाळीस झोंबी, म्हणजे मेलेल्या पण नंबर न सोडलेल्या प्रोसेस. बापानं वेट केलंच नव्हतं, मग नंबर अडकलेला, मग रिलीजची हाक नाही, मग 1 परत नाही. कंट्रोलरचं बरोबर होतं. त्यानं लूपच्या खाली चाळीस वेळा वेट करणारा दुसरा लूप लिहिला, परत चालवलं, आकडा 46 वरून 6 वर आला, आणि तो ते तीन-तीनदा करून बघत बसला. मामा दारात किल्ल्या घेऊन उभे होते, म्हणाले, "झालं असंल तर लाईट बंद करू का सर?"